फीत, नाव आणि सूर : दिनू लिपाट्टी यांची मैफलीतली ध्वनिमुद्रणं

आजचा विषय वरवर पाहता लहान आहे. एक पियानोवादक, त्याने वाद्यवृंदाबरोबर वाजवलेले काही कॉन्चेर्टो आणि मैफल चालू असतानाच झालेली त्यांची ध्वनिमुद्रणं. पियानोवादकाचं नाव दिनू लिपाट्टी. जन्म १९१७, बुखारेस्ट. मृत्यू २ डिसेंबर १९५०, जिनिव्हा. म्हणजे उणंपुरं तेहतीस वर्षांचं आयुष्य. पण या मूठभर ध्वनिफितींच्या निमित्ताने आपल्याला एक मोठा प्रश्न विचारायचा आहे : आपण ध्वनिमुद्रण ऐकतो तेव्हा नेमकं काय ऐकतो? सूर ऐकतो, की सुरांबरोबर आपल्याला सांगितलेली हकिकत ऐकतो? आणि ती हकिकत चुकीची निघाली, तर ऐकलेल्याचं काय होतं?

हा प्रश्न काल्पनिक नाही. लिपाट्टींच्या बाबतीत तो खरोखरच उभा राहिला. त्याकडे येण्याआधी थोडी तयारी करू.

पहिली गोष्ट, कॉन्चेर्टो म्हणजे काय. एका बाजूला एकटा वादक, दुसऱ्या बाजूला पूर्ण वाद्यवृंद आणि मध्ये संचालक. बहुतेक कॉन्चेर्टोंचे तीन भाग असतात, द्रुत, संथ आणि पुन्हा द्रुत. सगळं कागदावर लिहिलेलं असतं. आपल्या ख्यालगायकीसारखी जागच्या जागी रचना होत नाही. तरीही रोजचं वादन वेगळं होतं, कारण लिहिलेल्या स्वराला किती वजन द्यायचं, कुठे क्षणभर थांबायचं, वाद्यवृंदाला पुढे जाऊ द्यायचं की आपल्याबरोबर खेचायचं, हे कागदावर नसतं. ते त्या संध्याकाळी ठरतं.

दुसरी गोष्ट, त्या काळचं ध्वनिमुद्रण. लिपाट्टींचा करार १९४६ साली इंग्लंडमधल्या ईएमआय कंपनीच्या कोलंबिया या शिक्क्याशी झाला. निर्माते होते वॉल्टर लेग. त्या वेळी बाजारात ७८ फेऱ्यांच्या तबकड्या चालत. मोठ्या तबकडीच्या एका बाजूवर चार-साडेचार मिनिटं मावत. शुमानचा कॉन्चेर्टो साधारण अर्ध्या तासाचा. तो सात-आठ बाजूंत विभागावा लागे. स्टुडिओत चार मिनिटं वाजवायचं, थांबायचं. चूक झाली तर ती पूर्ण बाजू पुन्हा. मग पुढची चार मिनिटं. संथ भागातून शेवटच्या भागात शिरतानाचा जो श्वास असतो, तो अशा तुकड्यांत टिकवणं किती अवघड, याची कल्पना करा.

लिपाट्टींनी स्टुडिओत, व्यापारी तबकड्यांसाठी, दुसऱ्या रचनाकारांचे दोनच कॉन्चेर्टो वाजवले. १९४७ साली ग्रीगचा, आल्चेओ गालिएरा यांच्या संचालनाखाली. आणि एप्रिल १९४८मध्ये शुमानचा, हर्बर्ट फॉन कारायान यांच्याबरोबर. दोन्ही वेळा वाद्यवृंद लंडनचा फिलहार्मोनिया. बस्स, एवढंच. का? एक कारण आजार. दुसरं कारण स्वभाव. लेग यांनी लिहून ठेवलं आहे, की बेटहोव्हनचा 'एम्परर' कॉन्चेर्टो मुद्रित करण्याची गोष्ट निघाली तेव्हा लिपाट्टींनी तयारीसाठी चार वर्षं मागितली, आणि चायकोव्हस्कीच्या कॉन्चेर्टोसाठी तीन. ही नाटकं नव्हती. ज्याची शिस्त अशी आहे त्या माणसाचं आयुष्य चार वर्षांत संपणार होतं, हे मात्र कोणाला माहीत नव्हतं.

ही शिस्त आली कुठून? बुखारेस्टला फ्लोरिका मुझिचेस्कु या कडक शिक्षिका. त्यानंतर १९३३ साली व्हिएन्नाची स्पर्धा. तिथे लिपाट्टी दुसरे आले. परीक्षक मंडळात आल्फ्रेड कोर्तो होते. पहिलं बक्षीस या मुलाचंच होतं असं त्यांचं मत, म्हणून ते निषेधादाखल मंडळातून बाहेर पडले आणि मुलाला पॅरिसला शिकायला बोलावलं. पॅरिसमध्ये कोर्तो, नादिया बूलांजे, पॉल द्युका असे गुरू लाभले. हे कोर्तो यांचं नाव लक्षात ठेवा, ते पुढे पुन्हा येणार आहे. महायुद्धात, १९४३ साली, लिपाट्टी रुमानियातून बाहेर पडून स्वित्झर्लंडमध्ये आले आणि जिनिव्हाच्या संगीतविद्यालयात शिकवू लागले. त्यांचा आजार म्हणजे हॉजकिन्सचा आजार, लसिकाग्रंथींचा कर्करोग. आज त्यातले बहुसंख्य रुग्ण बरे होतात. तेव्हा उपाय फार थोडे होते.

आता मैफलीतल्या ध्वनिमुद्रणांकडे येऊ. युरोपातल्या रेडिओ केंद्रांनी युद्धानंतर मैफली प्रक्षेपित करायला आणि मुद्रित करून ठेवायला मोठ्या प्रमाणावर सुरुवात केली. चुंबकीय फीत जर्मनीत १९३०च्या दशकातच तयार झाली होती, युद्धानंतर ती सगळीकडे पसरली. फितीला चार मिनिटांची कैद नव्हती. त्यामुळे स्टुडिओत कधीच न झालेले लिपाट्टींचे कॉन्चेर्टो अशा मार्गाने वाचले. ऑक्टोबर १९४७मध्ये ॲमस्टरडॅमला बाखचा डी मायनर कॉन्चेर्टो, संचालक एदुआर्द फान बेइनम. १९४८मध्ये बार्टोकचा तिसरा, संचालक पॉल साखर. ७ फेब्रुवारी १९५०ला झ्युरिकला शोपँचा ई मायनर, संचालक ऑटो आकरमान. त्यानंतर पंधराच दिवसांनी, २२ फेब्रुवारीला, जिनिव्हात अर्न्स्ट आन्सर्मे यांच्याबरोबर शुमान. आणि २३ ऑगस्ट १९५०ला लुसर्नच्या महोत्सवात कारायान यांच्याबरोबर मोत्सार्टचा सी मेजर कॉन्चेर्टो, ज्याचा सूचीतला क्रमांक ४६७ आहे.

ही यादी मुद्दाम सांगितली, कारण पुढचा सगळा मुद्दा तारीख, गाव आणि नाव यांच्यावर उभा आहे.

स्टुडिओतली तबकडी आणि मैफलीतली फीत यांत आवाजाच्या दर्जाचा फरक आहे, तो सगळ्यांना कळतो. पण इतिहासाच्या दृष्टीने मोठा फरक वेगळाच आहे. स्टुडिओतल्या प्रत्येक बाजूला एक क्रमांक असे, तो तबकडीवरच कोरला जाई. कोणत्या दिवशी, कोणत्या खोलीत, कितवा प्रयत्न, याची नोंद कंपनीच्या वहीत असे. म्हणजे तबकडी आपला जन्मदाखला बरोबर घेऊनच जन्माला येते. फितीचं तसं नाही. फीत एका खोक्यात असते आणि खोक्यावर कोणीतरी हाताने काहीतरी लिहिलेलं असतं. प्रत काढली, दुसऱ्या खोक्यात ठेवली, की ते लिहिणंही गेलं. फितीवरच्या सुरांना आपलं नाव सांगता येत नाही.

मराठी माणसाला ही अडचण नवी नाही. आपल्याकडे खासगी मैफलींच्या कॅसेटींच्या प्रती हातोहात फिरायच्या, आणि वर लिहिलेला राग बरोबर पण साल चुकलेलं, असं सर्रास व्हायचं. आणि इतिहासाच्या अभ्यासात तर राजवाड्यांच्या पिढीपासून आपण बखर आणि अस्सल कागद यांतला भेद शिकत आलो. बखर रसाळ असते, पण ती मागाहून कोणीतरी सांगितलेली असते. अस्सल कागद कोरडा असतो, पण तो त्या घटनेच्या वेळी तिथे हजर होता. मैफलीची फीत ही अस्सल कागदासारखी. तबकडीच्या पाकिटावरचा मजकूर हा पुष्कळदा बखरीसारखा.

आता मूळ हकिकत. लिपाट्टी गेल्यानंतर त्यांची कीर्ती वाढतच गेली. मुद्रणं थोडी आणि मागणी फार. अशा स्थितीत १९६०च्या दशकात शोपँच्या ई मायनर कॉन्चेर्टोची एक तबकडी बाहेर आली. वादक : दिनू लिपाट्टी. वाद्यवृंद आणि संचालक कोण, याचा पत्ता नव्हता. स्वित्झर्लंडमधल्या एखाद्या मैफलीची फीत असावी, असा समज होता. तबकडी विकली गेली, ऐकली गेली, गाजली. हा कॉन्चेर्टो शोपँने १८३० साली लिहिला. त्याच ऑक्टोबरात वॉर्सात स्वतः वाजवला, आणि पुढच्या महिन्यात देश सोडला तो कायमचा. वीस वर्षांच्या मुलाचा हा निरोप, आणि वाजवणारा मृत्यूच्या छायेतला माणूस. ऐकणाऱ्याच्या मनाची किती तयारी आधीच झालेली होती, ते पाहा. ज्यांना लिपाट्टींचं हळवेपण आणि संयम ठाऊक होता, त्यांना ते दोन्ही या तबकडीत स्पष्ट ऐकू आले.

मग १९८१ साल उजाडलं. बीबीसीने ही तबकडी वाजवली. ऐकणाऱ्यांपैकी एकाच्या लक्षात आलं, की हे वादन आपल्याकडच्या दुसऱ्या एका तबकडीसारखंच आहे. ती तबकडी होती चेकोस्लोव्हाकियातल्या सुप्राफोन कंपनीची, १९५०च्या दशकातली. वाद्यवृंद चेक फिलहार्मोनिक, संचालक व्हाक्लाव्ह स्मेताचेक, आणि पियानोवर हालिना चेर्नी-स्तेफान्स्का. दोन्ही मुद्रणं ताडून पाहिली गेली. ती सारखी नव्हती, ती एकच होती. दशकाहून जास्त काळ जगाने लिपाट्टी म्हणून जे ऐकलं, ते पोलंडच्या एका तरुण, धडधाकट बाईंचं वादन होतं.

इथे बहुतेक लोक हसतात आणि म्हणतात, पाहा, या रसिकांना काही कळत नाही. आमचं म्हणणं असं की इथे हसून सोडून देऊ नये. आम्ही आयुष्यभर शिकवलं ते तत्त्वज्ञान, आणि त्यातलं न्यायदर्शन या जागी फार उपयोगी पडतं.

न्यायशास्त्रात भ्रमाचं नेहमीचं उदाहरण म्हणजे शिंपल्यावर चांदी दिसणं. वाळूत काहीतरी चमकतं आणि आपण म्हणतो, "ही चांदी." नैयायिक विचारतो, या वाक्यात चुकलं काय? "ही" हा शब्द चुकला का? नाही. समोर काहीतरी आहे, ते चमकतं आहे, हे अगदी खरं. "चांदी" हा शब्द तरी पूर्ण खोटा आहे का? चांदी जगात आहेच, आपण ती दुसरीकडे पाहिली आहे, म्हणून तर आठवली. चूक आहे ती त्या चांदीला या जागी जोडण्यात. म्हणून नैयायिक या भ्रमाला अन्यथाख्याती म्हणतो, एक वस्तू दुसऱ्या रूपाने भासणं.

आता हे त्या तबकडीला लावून पाहू. "हे लिपाट्टींचं वादन सुंदर आहे." यातलं "हे सुंदर आहे" खरं होतं. सूर कानावर पडत होते, ते उत्तम होते. लिपाट्टी सुंदर वाजवत, हेही खरं, दुसऱ्या तबकड्यांवरून ते माहीतच होतं. खोटा होता तो सांधा. त्यामुळे रसिकांना काही कळत नव्हतं हा निष्कर्ष निघत नाही. त्यांना उत्तम वादन उत्तम वाटलं. डोळ्यांत पाणी आलं असेल तर तेही खोटं नव्हतं. पत्र खरं होतं, फक्त पत्ता चुकला होता.

दुसरं उदाहरण चंदनाचं. लांबून चंदनाचा तुकडा पाहिला तरी आपण म्हणतो, "सुवासिक चंदन." वास नाकापर्यंत आलेला नाही, पण पूर्वीच्या अनुभवामुळे डोळ्यांनी पाहतानाच सुवास जाणवल्यासारखा होतो. नैयायिक याला ज्ञानलक्षण प्रत्यक्ष म्हणतात. पाकिटावर "लिपाट्टी" वाचलं, की सुरांबरोबर आजार ऐकू येतो, संयम ऐकू येतो, मृत्यूची चाहूलही ऐकू येते. हे आपण नेहमीच करतो आणि त्याशिवाय ऐकता येईल असंही आम्हाला वाटत नाही. पण तो तुकडा खरोखर चंदनाचा आहे ना, हे मात्र कोणीतरी तपासलेलं असावं लागतं.

म्हणून तिसरा मुद्दा, शब्दप्रमाण. आप्ताचा शब्द प्रमाण, असं न्यायशास्त्र सांगतं. पण आप्त कोण? त्याला दोन अटी आहेत. त्याला वस्तू जशी आहे तशी माहीत हवी, आणि ती तशीच सांगण्याची इच्छा हवी. यातली एक अट सुटली तरी शब्दाचं प्रामाण्य गेलं. तबकडीचं पाकीट हा आपल्यासाठी आप्ताचा शब्द असतो. शोपँच्या तबकडीच्या बाबतीत पहिली अट सुटली, कारण छापणाऱ्यांना नीट माहीतच नव्हतं. फसवण्याचा हेतू होता असं म्हणायला आधार नाही.

दुसरी अट सुटली तर काय होतं, याचंही उदाहरण आपल्या काळात घडलं. जॉयस हॅटो नावाच्या इंग्लिश पियानोवादिका २००६ साली वारल्या. शेवटच्या काही वर्षांत त्यांच्या नावावर शंभराहून अधिक सीडी निघाल्या, आणि कर्करोगाशी झुंजणाऱ्या वृद्ध बाई एवढं सगळं वाजवतात म्हणून समीक्षक भारावून गेले. फेब्रुवारी २००७मध्ये 'ग्रामोफोन' मासिकाने प्रकरण बाहेर काढलं. सुरुवात साधी होती. एकाने त्यांची लिस्टची सीडी संगणकात घातली, तर संगणकाने वादकाचं नाव लास्लो सिमॉन असं दाखवलं. मग एकामागून एक सीडी दुसऱ्यांच्या निघाल्या. कॉन्चेर्टोही त्यात होते. राखमानिनोव्हचे कॉन्चेर्टो म्हणून जे विकलं जात होतं ते येफिम ब्रॉन्फमन यांचं वादन होतं, आणि पाकिटावर ज्या रेने कोलर नावाच्या संचालकाची हकिकत छापली होती, तो संचालक कधी अस्तित्वातच नव्हता. सीडी काढणारे हॅटो यांचे पती होते आणि त्यांनी पुढे कबुलीही दिली. त्यांना माहीत होतं, पण सांगायची इच्छा नव्हती.

दोन प्रकरणं, दोन वेगवेगळ्या अटी. पण दोन्हीकडे एक गोष्ट समान आहे, आणि ती आपल्याबद्दल, म्हणजे ऐकणाऱ्यांबद्दल आहे. दोन्हीकडे आजाराची हकिकत होती. आजारी माणसाच्या वादनाकडे आपण करुणेने पाहतो, आणि करुणा आली की चौकशी मागे पडते. वाद्यवृंदाचं नाव का नाही, संचालक कोण, कोणत्या गावी, कोणत्या तारखेला, हे विचारणं उद्धटपणाचं वाटू लागतं. खरं तर ते विचारणं हाच त्या आजारी माणसाचा मान आहे. त्याने केलेलं काम त्याचंच आहे, दुसऱ्याचं त्याच्यावर लादलेलं नाही, याची खात्री करून घेणं म्हणजेच त्याला नीट ऐकणं.

आणि आता त्या बाईंबद्दल, ज्यांचं नाव या गोष्टीत बहुतेक वेळा तळटीपेसारखं येतं. हालिना चेर्नी-स्तेफान्स्का यांचा जन्म १९२२चा, क्राकूफचा. लहानपणी त्या पॅरिसमध्ये कोर्तो यांच्याकडेही शिकल्या होत्या. होय, तेच कोर्तो. लिपाट्टी आणि त्या, दोघांच्या शिक्षणात एक गुरू समान होता. तेव्हा कान अगदीच चुकीच्या घरी गेले नव्हते, असं म्हणायला थोडी जागा आहे. पुढे १९४९ साली वॉर्साच्या शोपँ स्पर्धेत त्यांना बेला दाविदोविच यांच्याबरोबर पहिलं बक्षीस विभागून मिळालं. म्हणजे शोपँ वाजवण्याच्या बाबतीत जगाने त्यांना आधीच मान्यता दिलेली होती. त्यांची तबकडी त्यांच्या नावाने उपलब्धही होती. पण तेच वादन दुसऱ्या नावाने आलं, तेव्हा ते दंतकथेचा भाग झालं.

१९८१नंतर काय व्हायला हवं होतं? ज्या शब्दांत त्या तबकडीची स्तुती झाली होती, ते सगळे शब्द उचलून या बाईंच्या खात्यावर जमा करायला हवे होते. सूर तर बदलले नव्हते. पण आजही ही हकिकत सांगताना "लिपाट्टींची खोटी तबकडी" असा शब्दप्रयोग होतो. आमच्या मते तो अन्यायाचा आहे. ती खोटी तबकडी नव्हती. ती चेर्नी-स्तेफान्स्का यांची खरी तबकडी होती. आपण "चांदी नाही" एवढं म्हणून थांबलो, हातात शिंपला आहे आणि तो स्वतः सुंदर आहे, हे म्हणायचं राहून गेलं. त्या २००१ साली वारल्या. ही परतफेड आपण अजूनही करू शकतो. त्यासाठी त्यांची तबकडी त्यांच्या नावाने ऐकायची, एवढंच.

या प्रकरणातून एक चांगली गोष्ट मात्र निघाली. चौकशी सुरू झाली म्हणून शोध झाला, आणि लिपाट्टींनी खरोखर वाजवलेला शोपँचा ई मायनर कॉन्चेर्टो एका खासगी संग्रहातल्या फितीतून पुढे आला. तोच, ७ फेब्रुवारी १९५०चा, झ्युरिकच्या टोनहालेमधला, ऑटो आकरमान यांच्याबरोबरचा. आवाज साधा आहे, वाद्यवृंद लांबून आल्यासारखा वाटतो. पण या फितीला गाव आहे, तारीख आहे, संचालक आहे, सभागृह आहे. चारही कोपरे बांधलेले आहेत. पहिल्यांदा ऐकणाऱ्याला कदाचित निराशा वाटेल, कारण दंतकथेतलं वादन जास्त स्वच्छ होतं. तरीही ते वादन बाजूला ठेवून हे ऐका. संथ भागात उजव्या हाताचं गाणं डाव्या हाताच्या किंचित मागे-पुढे होतं. ते कुठेही सैल पडत नाही.

इथे एक शंका रास्त आहे. जो माणूस एका कॉन्चेर्टोसाठी चार वर्षं मागतो, त्याची न तपासलेली, न मंजूर केलेली मैफल आपण ऐकावी का? लिपाट्टी हयात असते तर कदाचित यातल्या काही फिती बाहेर येऊ दिल्या नसत्या. ही शंका आम्ही टाळत नाही. आमचं उत्तर एवढंच, की मैफलीतलं ध्वनिमुद्रण हे वादकाचं अंतिम विधान म्हणून ऐकू नये. ते साक्ष म्हणून ऐकावं. अंतिम विधान म्हणून १९४८ची शुमानची तबकडी आहे. तिच्यावर त्यांची संमती आहे. २२ फेब्रुवारी १९५०ची जिनिव्हातली फीत मात्र त्या संध्याकाळची साक्ष आहे. पहिली जास्त घोटीव आहे, दुसरी जास्त मोकळी. एकीने दुसरीला खोडायचं कारण नाही. पत्रव्यवहार आणि प्रकाशित ग्रंथ यांत आपण जसा फरक करतो, तसाच इथे करावा.

शेवटी लुसर्नचा मोत्सार्ट. १९५०च्या उन्हाळ्यात लिपाट्टींना कॉर्टिसोन मिळालं. हे औषध तेव्हा अगदी नवं आणि फार महाग होतं. त्या शोधासाठीचं नोबेल त्याच वर्षी जाहीर झालं, आणि तिघा मानकऱ्यांपैकी एक, ताडेउश राइखश्टाइन, बाझेलचेच, म्हणजे स्वित्झर्लंडचेच होते. औषधाने आजार बरा झाला नाही, पण काही आठवड्यांची शक्ती मिळाली. त्या शक्तीत जुलैमध्ये जिनिव्हात ईएमआयसाठीची शेवटची मुद्रणं झाली, २३ ऑगस्टला लुसर्नची मैफल झाली आणि १६ सप्टेंबरला फ्रान्समध्ये बेझांसाँला शेवटचा एकल कार्यक्रम झाला. तिथे शोपँचे चौदा वॉल्ट्झ वाजवायचे होते. तेरा झाले, चौदावा वाजवण्याची ताकद उरली नाही.

मोत्सार्टने हा सी मेजर कॉन्चेर्टो मार्च १७८५मध्ये पूर्ण केला आणि लगेच दुसऱ्या दिवशी व्हिएन्नात वाजवला. कॉन्चेर्टोत एक जागा अशी असते, की वाद्यवृंद थांबतो आणि वादक एकटाच वाजवतो. तिला कडेन्झा म्हणतात. या कॉन्चेर्टोसाठी मोत्सार्टच्या हाताचे कडेन्झा आपल्यापर्यंत आलेले नाहीत. ती जागा कागदावर रिकामी आहे. लुसर्नला लिपाट्टींनी तिथे स्वतः रचलेले कडेन्झा वाजवले. म्हणजे या फितीत काही क्षण असे आहेत, जिथे वादन लिपाट्टींचं आहेच, पण रचनाही त्यांचीच आहे. ते इथे रचनाकार म्हणूनही बोलतात. कारायान आणि सगळा वाद्यवृंद गप्प आहे, सभागृह गप्प आहे, आणि एक माणूस दीडशेहून अधिक वर्षांपूर्वी सोडलेली मोकळी जागा भरतो आहे.

ही फीत ऐकताना एक प्रयोग करून पाहा. आधी आजार विसरून ऐका. वादकाचं नावही बाजूला ठेवा. केवळ सूर काय म्हणतात ते पाहा. मोत्सार्टचा हा कॉन्चेर्टो उजेडाचा आहे, आणि या वादनात रडगाणं कुठेही नाही. मग नाव, गाव, तारीख वाचा. त्यानंतर पुन्हा ऐका. दोन ऐकण्यांत जो फरक पडेल, तो हकिकतीचा वाटा. तो वाटा नाकारायचा नाही, पण तो किती आहे हे आपल्याला माहीत असावं. सूर आपल्याला थेट भेटतात. नाव दुसरा कोणी सांगतो. आणि जे दुसऱ्याने सांगितलेलं आहे, ते तपासणं ही ऐकणाऱ्याचीही जबाबदारी आहे.

आज इथेच थांबू. शक्य झालं तर या आठवड्यात दोन्ही शोपँ ऐका, एक चेर्नी-स्तेफान्स्का यांचा आणि एक लिपाट्टींचा. दोघांनाही ज्याच्या त्याच्या नावाने दाद द्या.